बिनपंख्याचा भाव

माझ्या हातून आयुष्यात एकच कायदा लिहिला गेला आणि तो बिअरच्या किमतीविषयी होता. मी स्वतः कधी बिअर प्यायलेली नाही. त्यामुळे काही अडलं नाही. ज्या गोष्टीचा अनुभव नाही तिच्याविषयी नियम करणारी मी काही पहिलीच नव्हते.

भिवंडीत प्रांत कचेरीजवळच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान होतं. आधी दोन मशिनं होती. दोन हजार सालानंतर त्यांच्या जागी एक संगणक आणि एक कुरकुरणारा प्रिंटर आला. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, गोडाऊनचे भाडेकरार हे रोजचं काम. गिऱ्हाईक नसलं की मी पुस्तक वाचत बसायचे आणि लोकांच्या अर्जातल्या चुका त्यांना न विचारता दुरुस्त करायचे. एवढ्या भांडवलावर माझी मराठी उत्तम आहे असा गावात समज पसरला होता. मी तो खोडून काढला नाही.

त्या वर्षांत भारनियमन जोरात होतं. कुठल्या भागात लाईट किती वाजता जाणार आणि किती वाजता येणार हे लहान पोरांनासुद्धा पाठ असायचं. दुपारी लाईट गेली की कापड विणणाऱ्या लूमची खडखड एकदम थांबायची. बाहेरून आलेल्या पाहुण्याला तेव्हा बरं वाटायचं. आम्हाला मात्र घरात कुणी आजारी असल्यासारखं व्हायचं.

माझ्या दुकानाच्या मालकांचा निजामपुऱ्यात लूमचा कारखाना होता. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचे. लाईट गेली की ते कारखान्यातून उठून माझ्या दुकानात येऊन बसत, कारण माझ्याकडे इन्व्हर्टरवर एक छोटा पंखा चालायचा. भाडं मागायला आलोय असा चेहरा करून यायचे आणि पंख्यासमोर डोळे मिटून बसायचे. सगळं प्रकरण त्यांच्या तक्रारीतून सुरू झालं, आणि ती तक्रार खरी होती. तीन तास लाईट नाही म्हणून कामगार बाहेर पडत, आसपासच्या परमिट रूममध्ये दुपारचा भाव उतरलेला असे, आणि लाईट आली की त्यातले काही जण डुलत परत येत. अशाच एका दुपारी चाचांच्या एका कामगाराचं बोट लूमचं शटल, म्हणजे धोटा, लागून फाटलं होतं.

"लाईट आली की लूम सुरू होतो," चाचा मला म्हणाले, "आदमी सुरू होत नाही."

लूमवाल्यांनी मिळून प्रांतांकडे अर्ज दिला. तो मीच टाईप केला. सरकार काही करील या भीतीनं मग परमिट रूमवाल्यांच्या मंडळानं ठरवलं की आपणच आपल्यावर नियम घालून घ्यावा. स्वतः घातलेला नियम सैल असतो, हे मंडळाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष मानकोलीला हायवेवर मोठा बार चालवत. ते एका सकाळी माझ्या दुकानात आले. पांढरा सफारी, मागे ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या हातात जाड फाईल. फाईल उघडली तेव्हा आत एकच कागद होता, आणि तोही मंडळाच्या लेटरहेडचा नमुना. बोधचिन्ह म्हणून त्यावर समई आणि दोन जोडलेले हात होते. ग्लास कुठे दिसत नव्हता. दारूच्या धंद्याशी या मंडळाचा संबंध आहे हे ओळखायला कागद उलटा धरूनही उपयोग झाला नसता.

"मॅडम, भाषा कडक पाहिजे," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला घाम फुटला पाहिजे."

त्यांना नेमकं काय हवंय ते मी विचारलं. दुपारी भाव पाडून कुणी गिऱ्हाईक ओढायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. एका ओळीचा मामला. पण एक ओळ घेऊन ते मानकोलीला परत गेले नसते, म्हणून मी दोन पानं केली. प्रस्तावना, उद्दिष्टं, व्याख्या. 'समाजहित' हा शब्द त्यांनी सहा ठिकाणी घालायला लावला; मी चार ठिकाणी घातला. मुख्य कलम असं होतं: "कोणताही सदस्य मद्याचा दर आपल्या नेहमीच्या दरापेक्षा कमी आकारणार नाही." वाचून पाहिलं तेव्हा मला ते जरा उघडं वाटलं. म्हणून मी मध्ये घातलं, "कोणत्याही वेळी व कोणत्याही सबबीवर". आता त्याला वजन आलं. अध्यक्षांनी ते दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं आणि खूश झाले. खरं सांगायचं तर मीही झाले. दुसऱ्यांच्या शालींना आणि समयांना मी आयुष्यभर हसत आले, पण स्वतःचं वाक्य कानाला बरं लागलं की माझाही फेटा बांधून होतो.

नियम मोडला तर शिक्षा एकच. महिनाभर माल बंद. घाऊक व्यापाऱ्याचा टेम्पो त्या दारी थांबणार नाही. व्यापारी अध्यक्षांचा व्याही होता, त्यामुळे हे कलम अमलात यायची चिंता नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी, एप्रिलच्या उन्हात, एक बाई दुकानाची पायरी चढून आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी, कानात जड सोनं, हातात घडी केलेला कागद. खारबावच्या रस्त्याला त्यांची परमिट रूम होती. नवरा वारल्यावर परवाना त्यांच्या नावावर झाला होता. तो अर्जसुद्धा मीच केला होता, हे त्यांनी सांगितल्यावर मला आठवलं. गिऱ्हाइकं त्यांना काकी म्हणत. कागद म्हणजे मंडळाची नोटीस होती. काकी दुपारी बिअर सत्तरऐवजी साठला विकतात, म्हणून त्यांचा माल महिनाभर बंद का करू नये, याचा खुलासा त्यांनी आठ दिवसांत मंडळापुढे करावा.

"हा नियम तुज्याच मशीनवरचा ना, बाय?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे गावातल्या बायका कलेक्टरलासुद्धा तू म्हणतील, त्यात अपमान नसतो. मी हो म्हटलं.

"सबब म्हंजे काय ते मना समजतं. मी सातवी शिकलेय. पन लाईट जाते ती काय सबब हाय? ती तर खरीच जाते."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. त्यांच्याकडे जनरेटर नाही. लाईट गेली की पंखे बंद, फ्रिज बंद, तासाभरात बाटली कोमट. गरम हवेत बसून कोमट बिअर प्यायची आणि पैसे मात्र गार बिअरचे द्यायचे, हे त्यांच्या नवऱ्याला पटत नसे. त्यानं सुरुवातीपासून दोन भाव ठेवले होते. पंख्याचा आणि बिनपंख्याचा. त्यात गिऱ्हाईक ओढायचा विचारच नव्हता. माणूस बसतो तिथं त्याला काय मिळतं तेवढंच घ्यायचं, एवढा सरळ हिशेब.

मी म्हटलं, महिनाभर माल बंद झाला तर काय होईल? त्यांनी नोटिशीची पुन्हा घडी घातली आणि सांगितलं. जागा त्यांची एकटीची नव्हती, दिराबरोबर सामाईक होती. आजूबाजूच्या सगळ्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिली होती आणि दिराला ही जागाही गोडाऊनला द्यायची होती. परमिट रूम चालू आहे तोवर त्याला तोंड नव्हतं. मे महिन्यात दार बंद दिसलं की तो म्हणणार, धंदा चालत नाही, चल सही कर. मोजणीवाल्याला तो एकदा घेऊनही आला होता.

"एकदा बंद झालं की तो उघडू द्यायचा न्हाय," काकी म्हणाल्या. "मंग मी त्याच्या घरी भाकऱ्या भाजायच्या."

खुलासा लिहून द्यायला मी तयार झाले. त्या म्हणाल्या, न बघता लिहू नको. एकदा तू न बघता लिहिलंच आहे. हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिक्षानं गेले. परमिट रूममध्ये पाऊल ठेवायची ती माझी पहिली वेळ. मी काहीतरी लाल दिव्यांचं अपेक्षित धरलं होतं. तिथे आठ फॉर्मायकाची टेबलं होती, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, काउंटरमागे काचेच्या चौकटीत परवाना, आणि तळलेल्या बोंबलांचा वास. मी शिकले त्या शाळेच्या शिक्षक खोलीपेक्षा जागा स्वच्छ होती. अंगणात एका रांगेत चार लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. मोजणीच्या. काकींनी त्या उपटल्या नव्हत्या. उपटल्या तर दिराला भांडायला कारण मिळेल, असं त्या म्हणाल्या.

मी कोपऱ्यातल्या टेबलावर लिंबू सोडा घेऊन बसले. पाच-सहा लूम कामगार होते, दोघे गोडाऊनचे हमाल. मला पाहून सगळे परीक्षेला बसल्यासारखे सरळ झाले होते. एक वाजता, वेळापत्रकाप्रमाणे, लाईट गेली. पंखे दोन फेरे जास्त फिरून थांबले. कुणी हूं की चूं केलं नाही. काकींनी काउंटरखालून एक पाटी काढली, शाळेतली दगडी पाटी, आणि खिळ्याला अडकवली. पाटीवर खडूनं साठ लिहिलेलं होतं.

तेवढ्यात एकाची बाटली नुकतीच उघडून झाली होती. त्यानं पाटीकडे बोट केलं. काकींनी नाही म्हणून मान हलवली. तिथला दंडक असा होता, की झाकण निघालं तेव्हा लाईट होती की नाही, त्यावर भाव. बाटली अर्धी झाल्यावर लाईट गेली तरी पंख्याचाच भाव, आणि अर्ध्यावर लाईट आली तरी बिनपंख्याचाच. झाकण निघताना दोघांनी छताकडे पाहायचं. तो माणूस हसला आणि हिंदीत म्हणाला, काकी, दहा सेकंद थांबली असतीस तर दहा रुपये वाचले असते. काकी म्हणाल्या, "तो लाईट को बोल ना, उसका नंबर दूँ?"

दुसरी गोष्ट मला अर्ध्या तासानं लक्षात आली. बिनपंख्याच्या वेळात प्रत्येकाच्या समोर त्याच्या बाटलीचं झाकण पडलेलं होतं आणि कुणाचंही दुसरं झाकण नव्हतं. मी विचारलं. काकींना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. लाईट नसताना माणशी एक. नवऱ्याच्या वेळेपासून. कोमट बिअर दुसरी प्यायली की माणूस ओकतो आणि पुसायला मोरीत पाणी नसतं, कारण पंपालाही लाईट नसते. यात समाजहित चारही ठिकाणी नव्हतं.

पावणेचारला खडखड सुरू झाली. मागच्या कारखान्यांचे लूम एकेक करून लागले आणि खोलीतली माणसं बाटल्यांचा तळ गाठून उठली. विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी, थांबून कोण राहणार. काकींनी पाटी उतरवली.

खुलासा मी एका पानात लिहिला. प्रस्तावना घातली नाही.

सुनावणी मानकोलीला अध्यक्षांच्या बारमध्ये होती. दुपारी तीनची वेळ, जनरेटरवर चालणारा एसी हॉल, मंडळाचे दहा-बारा सदस्य आणि तक्रारदार म्हणून चाचा. लूमवाल्यांना न्याय मिळतोय हे दिसावं म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांच्यासमोर मोसंबीचा ज्यूस ठेवला होता आणि ते त्याकडे संशयानं पाहत होते. मी काकींबरोबर गेले होते. अध्यक्षांना वाटलं, इतिवृत्त लिहायला आलेय. मी तसं वाटू दिलं. आधी दीपप्रज्वलन झालं. सुनावणीला समई का लागते ते मी विचारलं नाही. एसीच्या झोतानं ती दोनदा विझली आणि शेवटी एकाला तिच्यासमोर वही धरून उभं केलं.

अध्यक्षांनी खुलासा वाचला आणि बाजूला ठेवला. ते काकींशी फार आदरानं बोलले. आमचे आणि तुमच्या यजमानांचे घरचे संबंध होते वगैरे. पण नियम तो नियम. लाईट गेली ही सबब आहे, आणि कलमात स्वच्छ लिहिलंय, कोणत्याही सबबीवर. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. जणू शाबासकी. मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं.

काकी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी हातवारे केले नाहीत की आवाज चढवला नाही. फक्त काउंटरवरच्या दरफलकाकडे पाहून विचारलं, तिथं काय लिहिलंय. फलकावर प्रत्येक नावापुढे दोन रकाने होते. बिअर, एसीत शंभर, नॉन-एसीत पंच्याहत्तर.

"यातला तुमचा नेहमीचा भाव कंचा?" काकींनी विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, दोन्ही. तो हॉल वेगळा, हा हॉल वेगळा. तिथं गारवा नाही म्हणून तिथं कमी.

"बरोबर हाय. तुमच्याकडं दोन खोल्या हायेत. मना एकच हाय. लाईट गेली की तीच दुसरी होते."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. अध्यक्ष म्हणाले, काकी, आमची खोली कायमची नॉन-एसी आहे, तुमची दोन-तीन तासांपुरती.

"ते तास मी ठरवत न्हाय. वेळापत्रक सरकारचं हाय."

आता हॉलभर हिशेब सुरू झाला. तिथल्या बहुतेकांकडे दोन हॉल होते. काकींचा भाव गुन्हा ठरला तर प्रत्येकाचा नॉन-एसीचा रकाना गुन्हा ठरत होता, आणि माझं कलम इतकं वजनदार होतं की त्याखालून कुणालाच निसटता येत नव्हतं. दहा-बारा माणसं मनातल्या मनात आपापला दरफलक आठवताना मी पहिल्यांदाच पाहिली.

बोलले ते चाचा. त्यांनी काकींना विचारलं, लाईट नसताना एका आदमीला किती देता?

"एक."

"आणि दुसरी मागितली तर?"

"लाईट आल्यावर. सत्तरला. पन तवा तुमचे लोक थांबतात कुठं, त्यांना मीटर दिसतो."

चाचांनी ज्यूसचा ग्लास थोडा पुढे सारला. मग ते अध्यक्षांना म्हणाले की त्यांच्या ज्या कामगाराचं बोट फाटलं तो खारबावच्या रस्त्याला गेलाच नव्हता. तो जिथं प्यायला तिथं दाराशी कापडी बोर्ड होता, दुपारी दोन घ्या, तिसरी फुकट. कुठला बार ते चाचांनी सांगितलं नाही. पण दोन सदस्य एकदम आपापले मोबाईल पाहू लागले.

"स्वस्त बाटलीनं आदमी पडत नाही, साहेब," चाचा म्हणाले. "फुकटवाल्या तिसरीनं पडतो. माझी तक्रार तिसरीची होती. तुम्ही पहिलीवर कायदा केला."

हे खरं होतं, आणि त्यांचा अर्ज टाईप करताना मलाही ते दिसायला हवं होतं. अर्जात बोर्डाचा उल्लेख होता. मी तो 'प्रलोभनात्मक सवलती' असा सुधारून लिहिला होता. सुधारल्यावर त्यात बोर्ड उरला नव्हता, तिसरी बाटली उरली नव्हती आणि बोटही उरलं नव्हतं.

अध्यक्षांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी घड्याळाशी चाळा केला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, मॅडम, कलमात थोडी दुरुस्ती सुचते का? मी म्हटलं, सुचते, पण छोटी आहे. त्यांना छोटी आवडणार नव्हती, तरी त्यांनी ऐकून घेतली. एकावर एक, दोनावर एक, कुठलीही फुकट बाटली बंद. दोन भाव ठेवायचे असतील तर दोन्ही फलकावर लिहायचे आणि का ते लिहायचं. 'कोणत्याही सबबीवर' मी खोडलं. ते खोडताना मला थोडं वाईट वाटलं हे कबूल केलं पाहिजे. बरं वाक्य होतं.

काकींचा माल बंद झाला नाही. पुढच्या मंगळवारी टेम्पो त्यांच्या दारी थांबला, आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत त्या दुकानात आल्या. नियमाप्रमाणे त्यांना फलक हवा होता. मी दोन रकाने पाडले. वर काय लिहू असं विचारलं. 'विद्युतपुरवठा सुरू असताना' असं माझ्या बोटांवर आलंच होतं. काकी म्हणाल्या, "पंख्याचा. बिनपंख्याचा." तेवढंच लिहिलं. खाली एक ओळ त्यांनी स्वतः सांगितली, लाईट नसताना माणशी एक. मी लॅमिनेशन करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनी पिशवीतून सुके बोंबील काढून टेबलावर ठेवले. दुकानात तीन दिवस वास राहिला आणि चाचा पंख्यासमोर डोळे मिटून बसायचे ते तीनही दिवस रुमाल नाकाला लावून बसले, पण आले.

अध्यक्षांच्या बारमध्ये मे महिन्यात जनरेटर बंद पडला तेव्हा एसी हॉलमधल्या गिऱ्हाइकांनी बिनपंख्याचा भाव मागितला, असं मी ऐकलं. खरं असावं, कारण सांगणारा मंडळाचा सदस्य होता आणि फार आनंदानं सांगत होता.

जूनच्या आधी एकदा मी खारबावच्या बाजूला एका करारावर सह्या घ्यायला गेले होते. परतताना काकींच्या दाराशी उतरले. लाईट नव्हती. पाटीच्या जागी आता माझा फलक होता, पण खिळ्याला पाटीसुद्धा होतीच; फलकावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. मोजणीवाला पुन्हा आला का, ते मी विचारलं. दीर येऊन गेला, त्या म्हणाल्या, फलक वाचला, एक बाटली प्यायला, बिनपंख्याची, आणि दुसरी मागत होता. दिली नाही.

खुंट्या अजून अंगणात होत्या. त्यातल्या दोन खुंट्यांना काकींनी दोरी बांधली होती आणि दोरीवर बोंबील वाळत होते.